आत्याच्या उतरायच्या जागा

रविवार, जानेवारीतला दुसरा. सकाळी सव्वासहा. जमायची जागा: आमच्या सोसायटीचं फाटक, कल्याण पश्चिम.

हजर: मी (नोंद माझीच), नवरा विनय, भाऊ बाळू, मुलगी सई. आत्या हजर, सायकलवर. उतरायची बाकी.

हे आमच्या घरगुती सायकल मंडळाच्या वहीतलं एक पान. शेवटचे दोन शब्द वाचून परका माणूस बुचकळ्यात पडेल, पण त्यात लिहिण्यासारखं विशेष काहीच नव्हतं. माझ्या आत्याला सायकल चालवता यायची, वळवता यायची, कल्याणचे खड्डे चुकवता यायचे. फक्त उतरता यायचं नाही. उतरायचं असलं की ती वेग कमी करत एखाद्या उंच जागेच्या कडेला जायची, डावा पाय तिच्यावर टेकवायची आणि मग निवांत पायउतार व्हायची. दुकानाची पायरी, घराचा ओटा, रस्त्याचा दुभाजक, मोरीचा कठडा, काहीही चालायचं. उंच काही दिसलं नाही तर ती पुढे जात राहायची.

यात दोष तिचा नव्हता. सायकल आत्याच्या नवऱ्याची, म्हणजे आमच्या काकांची होती, जुनी, उंच, मधल्या दांडीची, आणि आत्या जेमतेम पावणेपाच फूट. काका गेल्यावर ती सायकल ठाण्याला नौपाड्यातल्या घराच्या गॅलरीत वर्षानुवर्षं टांगलेली होती. आत्या तिथल्याच एका डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर लावायची. नोकरी संपल्यावर ती आमच्या शेजारच्या इमारतीत राहायला आली आणि सामान लावताना मी नेहमीप्रमाणे दोन याद्या केल्या: ठेवायच्या वस्तू आणि द्यायच्या वस्तू. सायकल दुसऱ्या यादीत टाकली. भंगारवाल्याने तिच्याकडे पाहून नाक मुरडलं, आणि तेवढ्यावर आत्या भडकली.

"नाक काय मुरडतोस रे? या सायकलवर मी खडवलीला जाऊन आलेय!"

"तू?" मी विचारलं. "चालवत?"

"कॅरिअरवर बसून," आत्या जरा नमतं घेत म्हणाली. लग्नानंतरचं पहिलं वर्ष ती दोघं कल्याणला होती. तेव्हा एका सकाळी काकांनी तिला मागे बसवून खडवलीला नदीवर नेलं होतं. "पण कॅरिअरवर एका अंगाला बसलं ना, की रस्ता फक्त डावीकडचा दिसतो. पुढे बघावं तर ह्यांचा शर्ट. अर्धाच रस्ता बघितला मी. तो पुढचा राहिलाय बघायचा."

वय तेव्हा बासष्ट. सायकलवर कधी टांग टाकलेली नव्हती. मी वहीत लिहिलं: आत्याला सायकल शिकवणे. धडा पहिला, तोल. दुसरा, पॅडल. तिसरा, वळण. चौथा, उतरणे. तीन रविवारांत तीन धडे झाले. चौथ्या रविवारी बाळूकडे पाहुणे आले, तेव्हा तो म्हणाला, "उतरायचं काय एवढं? ते पुढच्या रविवारी." पुढच्या रविवारी आत्या सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीच्या पायरीवर आपली आपण उतरली आणि म्हणाली, "आलं की मला." चौथ्या धड्यापुढची चौकट आजही रिकामी आहे. माझ्या वहीत अशी दुसरी चौकट नाही, हे मी अभिमानाने सांगत आले होते. आता कमी सांगते.

मंडळ असं सुरू झालं. आमचा वेग इतका होता की दूधवाले आम्हाला मागे टाकून, दूध घालून, परत येताना भेटायचे. सगळ्यांत पुढे आत्या, कारण पुढचा थांबला तर तिला थांबता येत नसे. तिच्या पुढे फक्त सई, चौकात रिक्षा अडवायला.

"ओ दादा, एक मिनिट थांबा ना, आजी येतेय!"

"ब्रेक गेलाय का आजींचा?"

"ब्रेक आहे हो. आजीला उतरता येत नाही."

रिक्षावाला थांबायचा. पुढच्या रविवारी तोच रिक्षावाला दिसला की आपणहून थांबायचा आणि मागच्यांनाही थांबवायचा. आत्या त्याच्याकडे बघून, दवाखान्यात एखाद्या गुणी पेशंटकडे बघावं तशी मान हलवायची.

दवाखान्याची सवय तिच्या बोलण्यात मुरलेली होती. दारात उभं राहून "थांबू की उद्या येऊ, डॉक्टर आहेत का, गर्दी किती आहे" असं करणाऱ्या पेशंटला ती म्हणत असे, "आधी नंबर तर लावा. मग करा विचार." तेच आम्हाला. विनयने गुडघ्याची तपासणी करू की नको म्हटलं, "आधी नंबर लाव." सईने कॉलेज बदलू का विचारलं, "आधी नंबर लाव." बाळूला वजन कमी करायचं होतं, त्याला मात्र ती म्हणाली, "तुझा नंबर लावून झालाय रे, तू आत जात नाहीस."

चहासुद्धा ती सायकलवरूनच घ्यायची. टपरीच्या ओट्यावर डावा पाय, हातात कटिंग, आणि आम्ही चौघं खाली उभे. लांबून बघणाऱ्याला कुणी सरदारीण घोड्यावरून आम्हाला हुकूम देतेय असं वाटलं असतं. हुकूम एकच असायचा, "वडे एवढे खाल्लेत तर चढ चढणार कोण?"

माझं काम व्यवस्थेचं. मी पंक्चरचं सामान, पाणी, बँड-एड, सगळ्यांची औषधं आणि या सगळ्याची यादी असं ओझं घेऊन निघायचे, त्यामुळे सगळ्यांत मागे असायचे. पण माझी खरी कर्तबगारी म्हणजे वहीच्या शेवटच्या पानांवरची यादी: आत्याच्या उतरायच्या जागा. प्रत्येक जागेपुढे उंची, ती डावीकडे आहे की नाही, आणि शेरा. "शहाड, बंद दुकानाची पायरी. चांगली. कुत्रा असतो." "आंबिवली, वडाखालचा दगडी ओटा. उत्तम."

त्या जानेवारीतल्या रविवारी आम्ही खडवलीला निघालो होतो. आत्याने आदल्या दिवशी सायकल पुसून ठेवली होती. पहाटे ती टाकीच्या पायरीवरून सगळ्यांच्या आधी चढून बसली आणि आम्ही जमेपर्यंत आवारात फेऱ्या मारत राहिली. पहिला मुक्काम आंबिवली, वडाखाली. माझ्या यादीवर माझा इतका भरवसा होता की मी मागून ओरडून सांगितलं, "आत्या, पुढच्या वळणावर उतर, चहा घेऊ!"

वळणावर वड होता. ओटा नव्हता. रस्ता रुंद करायला कुणीतरी तो काढून टाकला होता आणि तिथे सपाट, गुळगुळीत, निरुपयोगी काँक्रीट होतं.

"मंजू, कुठाय ओटा?"

"असायला हवा गं! यादीत आहे!"

आत्याने वडाला फेरी मारली. मग दुसरी. बाळू शेजारून धावू लागला आणि सीट धरू का विचारू लागला. आत्या म्हणाली, "तू धरलंस तर दोघंही पडू, बाजूला हो!" विनय दगड शोधायला गेला. सई हसून हसून फूटपाथवर बसली. मी, मंडळाची चिटणीस, वही उघडून पान बरोबर आहे ना ते तपासत होते. पाचव्या फेरीला समोरच्या घराच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेली एक बाई उठली.

"कवरी घुमशील गो बाय? ये इकरं, माजे वट्यावर पाय ठेव!"

आत्या त्या ओट्यावर उतरली. बाईंनी पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "यवरी मानसां, न कुनाला म्हातारीला उतरवता येत नाय?" आत्याच्या मांडीला पेटके आले होते. तास तिथेच गेला, ऊन चढलं आणि आम्ही आंबिवलीहूनच परत फिरलो.

खरं तर परत फिरायचं कारण एवढंच नव्हतं. मी घाबरले होते. पण घाबरले असं मी कधी लिहीत नाही. मी "पुढील नियोजन" असं लिहिते. तर पुढील नियोजन असं ठरलं की आंबिवली ते खडवली सगळ्या जागा मी स्वतः स्कूटरवरून जाऊन बघणार, मोजणार, आणि बारा जागा पक्क्या झाल्याशिवाय मंडळ तिकडे जाणार नाही. मग मार्चअखेरची कामं आली. मग ऊन. मग पाऊस, मग गणपती, मग सईची परीक्षा. दर रविवारी आत्या विचारायची, "खडवलीचं काय झालं गं?"

"सात जागा झाल्यात. पाच राहिल्यात."

"बरं," म्हणायची, आणि आम्ही दुर्गाडीच्या बाजूला, घराजवळ, भरपूर पायऱ्यांच्या रस्त्यावर फिरून यायचो.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी खाली आले तर आत्या फाटकातच होती. पाण्याची बाटली कॅरिअरला बांधलेली, काकांचा जुना मफलर गळ्यात.

"आज खडवली," ती म्हणाली.

"अगं, यादी अर्धवट आहे. नदीपाशी उतरायला जागा आहे की नाही तेही बघितलेलं नाही मी."

"नसेल तर नाही उतरणार. नदी बघेन, वळेन आणि परत येईन."

"आणि मध्येच दमलीस म्हणजे?"

"दमले तर हळू चालवेन."

हे इतकं साधं होतं की मी पुन्हा घाबरले. आणि घाबरले की मी जे करते तेच केलं. "पुढच्या रविवारी. नक्की. मी आठवड्यात जाऊन येते." आत्याने माझ्याकडे पाहिलं. "नंबर लावलाय ना मी?" एवढंच विचारलं आणि फाटकातून दुर्गाडीच्या दिशेने वळली. त्या दिवशी रस्ताभर तिने घंटी वाजवली नाही.

त्याच आठवड्यात तिचा मुलगा नाशिकहून आला. गुडघ्यांचे एक्स-रे झाले, डॉक्टरांनी सायकल बंद सांगितली, आणि जिने नसलेल्या त्याच्या घरी तिला न्यायचं ठरलं. सामानाच्या याद्या मीच केल्या. गाडीत बसताना आत्या म्हणाली, "सायकल तुझ्याकडे राहू दे. टांगू नकोस. आणि तू तरी बघून ये तो रस्ता. मला फोनवर सांग, पुढे काय काय आहे ते."

ती नाशिकला गेल्यावर पंधरा दिवसांत मी स्कूटरवरून खडवलीला गेले. एका सकाळीत पाचही जागा सापडल्या. इतक्या सहज, की मी रस्त्यात थांबून स्वतःलाच दोन शब्द सुनावले. नदीपाशी डाव्या हाताला दगडी पायरी आहे. मोजली. आत्याच्या पायाला तंतोतंत. फोनवर तिला पायरीचं सांगितलं, तर ती म्हणाली, "स्कूटरवरून बघितलेलं मला नको. सायकलवरून जा, मग सांग." मग दर रविवारी तिचा फोन, "गेलीस का?" आणि माझं उत्तर, "पुढच्या रविवारी."

पुढचा पावसाळा संपता संपता आत्या गेली. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

आता तिची सायकल मी चालवते. मी आत्याहून दोन बोटंच उंच, त्यामुळे मलाही उतरता येत नाही. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी केलेल्या यादीचा असा स्वतःला उपयोग होईल असं वाटलं नव्हतं. बाळू शेजारून विचारतो, "चौथा धडा घेऊया का गं?" मी त्याला म्हणते, आधी स्वतःच्या वजनाचं बघ. आंबिवलीला त्या बाईंच्या ओट्यावर उतरते. पहिल्यांदा एकटी उतरले तेव्हा त्यांनी माझ्यामागे रस्त्याकडे पाहिलं होतं. "तुजी म्हातारी नाय आली ती?" मी सांगितलं. त्यांनी पाट दोन आणले होते, त्यातला एक आत नेऊन ठेवला.

तिथून पुढे रस्ता मोकळा आहे. यादी पूर्ण आहे, बाराही जागा तपासलेल्या, सायकल ठीक, गुडघे ठीक. तरी दर वेळी मी तिथूनच वळते. विनयला वाटतं मला चढ झेपत नाही. तेही आहेच. पण खडवलीला पोचले की यादीतल्या शेवटच्या ओळीवर रेघ मारावी लागेल, आणि रात्री फोन करून पुढचा रस्ता कसा होता ते सांगायला पलीकडे कुणी नसेल. रेघा मारण्यात इतकं सुख मानणाऱ्या बाईने हे लिहावं, याचं मलाच हसू येतं.

या रविवारची नोंद. हजर: मी, विनय, बाळू, सई. आत्याची सायकल: हजर, हवा भरलेली. आंबिवलीहून परत.

खडवली: बाकी.