वरच्या बांधाची वाट

आमच्याकडे पाहुणा आला की चहानंतर त्याला रान दाखवायचंच. पलूसजवळच्या आमच्या उसातून अण्णा, म्हणजे माझे वडील, पाहुण्याला ऐटीत फिरवत. पण नेहमी वरच्या बांधाने. खालचा तुकडा पाणी साचून साचून खारावला होता, मातीवर पांढरा थर फुटायचा. तो कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून फौजेतून आलेला हा गृहस्थ अशी काही वाट काढायचा की शत्रूलाही पत्ता लागू नये.

मी कराडला कॉलेजात शिकवते, विषय माती. त्या तुकड्यात निचऱ्याचे चर काढून माती कशी सुधारते, हे मी अभ्यासायला घेतलं. अण्णांनी खुशाल खोदू दिलं. कारण माझे आधीचे लेख कुणालाच वाचायला मिळत नसत. घरून उघडायला गेलं तर जर्नलवाले माझ्याच लेखासाठी मलासुद्धा डॉलर मागायचे. कुलपातली गोष्ट गावात फुटत नाही, एवढा त्यांना भरवसा.

या खेपेला मात्र मी लेख मुद्दाम खुल्या जर्नलला दिला. कुणीही उघडावा, फुकट वाचावा. जेवताना मोठ्या आनंदाने घरी सांगितलं, तर अण्णांचा घास हातातच राहिला.

"म्हंजे आपलं रान नासलंय, हे समद्या जगानं वाचायचं व्हय?"

त्यात आपलं नाव नाही म्हटलं, तरी पटेना. गाव आहे ना, माणसं ओळखतात, म्हणाले. मग अबोला. मला राग आला आणि खरं सांगायचं तर मायाही दाटून आली. आयुष्यभर मान ताठ ठेवून चाललेला माणूस, आणि मी त्याचं झाकलेलं उघडं करायला निघाले होते. तरी लेख मागे घेतला नाही.

लेख निघाला. पुढे एक दिवस वाळव्याकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. त्यांच्या मुलाने लेख मोबाइलवर उघडून मराठीत वाचून दाखवला होता. चर बघायला येऊ का, विचारत होते. मी 'या' म्हणाले खरी, पण अण्णांच्या धास्तीने जीव टांगणीला लागला.

पाहुणे आले. चहा घेता घेता खाली बघत म्हणाले, त्यांचं निम्मं रान पांढरं पडलंय. लाजेनं भावाजवळही बोलले नाहीत. अण्णांनी कप ठेवला, टोपी घातली आणि उठले.

मी सवयीने वरच्या बांधाकडे वळले.

"तिकडं कुटं चाललीस?" अण्णा म्हणाले. "पाव्हणं, हिकडनं या. आदी आमचं नासलेलं रान बघा."