तक्रार समितीची अध्यक्ष

काजूच्या कारखान्यात एकवीस वर्षं काढली की किस्से टरफलांसारखे साचतात, कितीही झाडा. बहुतेक सांगताना मी हसते. हा मात्र हसत सांगता येत नाही.

*

तपासणी येणार म्हणून मॅनेजरसाहेबांनी ऑफिसात घाईघाईने बोर्ड लावला, ‘महिला तक्रार समिती’. अध्यक्ष मी! का, तर बायकांत सर्वांत जुनी मीच. माझ्या नावाखाली सदस्य म्हणून सुपरवायझर दाजींचं नाव होतं.

*

ग्रेडिंगच्या टेबलावरची सुप्रिया इन्सुलीहून एसटीने येते. एकदा ती नळापाशी माझ्यामागे येऊन उभी राहिली. एरवी तोंड बंद नसतं तिचं, त्या दिवशी आधी आजूबाजूला पाहून घेतलं.

"ताई, दाजी माका एकट्याक स्टोअरात बोलवतत. काल हात धरल्यानी."

आणि अध्यक्षबाई काय म्हणाल्या? "तुका तसा वाटला आसतला गो."

ती मान खाली घालून परत गेली. माझ्या नवऱ्याला इथे ड्रायव्हर म्हणून दाजींनीच चिकटवलं होतं. मी घाबरले होते, दुसरं काही नाही. त्या वाक्याची लाज मला आजही वाटते.

*

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिच्याशेजारी बसून मी आधी माफी मागितली. मग पेन तिच्या हातात दिलं. कधी, कुठे, काय झालं, सगळं तिच्याच शब्दांत. मालवणीत लिहिलं तर चालेल का, तिने विचारलं. म्हटलं, चालेल.

तीन पानं झाली. ठेवायची कुठे? समितीच्या कपाटाची चावी दाजींकडे! शेवटी जेवणाच्या रिकाम्या डब्यात घातली. गेटवर नेमके दाजी उभे.

"काय गो, डबो छातीक धरून खंय चललंस?"

काय उत्तर दिलं ते आठवत नाही. घरी पोचेपर्यंत डबा छातीवरून हलवला नाही.

*

साहेबांनी पानं वाचली, पंखा वाढवला आणि तोडगा काढला: देवळात कौल लावू. देवाला पाकळ्या लावायच्या, उजवी पडली की होकार. आमच्याकडे जमिनीपासून सोयरिकीपर्यंत सगळं असंच ठरतं. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही सुटल्यासारखं वाटलं. पण त्या देवळाचे मानकरी दाजीच!

मी म्हणाले, "साहेब, देवाला आधीच ठाऊक आहे. तुम्हाला मी लेखी देतेय. पोच द्या."

आवाज माझाच होता का, कोण जाणे. तपासणी यायची होती; साहेबांनी पोच दिली. दाजी समितीतून निघाले आणि चौकशी होईपर्यंत त्यांना फोंडाघाटच्या गोदामात पाठवलं. त्यांच्या जागी सावंतवाडीच्या एक वकीलबाई आल्या.

*

चौकशीचा दिवस. आठवडाभर सुप्रियाच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. त्याच टेबलावरच्या शेवंताकाकी तर पहिल्याच दिवशी तिच्याजवळून उठून गेल्या होत्या. कोणी काही पाहिलं असेल तर येऊन लिहून द्या, नाव बाहेर जाणार नाही, असं मी टेबलाटेबलाशी सांगून आले.

तास गेला. कोणी नाही. वकीलबाई घड्याळ बघत होत्या. सुप्रिया पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, आत राजीनामा लिहून तयार. आता ही पोर जाणार आणि दाजी परत येणार!

दार ढकलून शेवंताकाकी आत आल्या. साठीची बाई, सगळा जन्म इथल्या-तिथल्या काजू कारखान्यांत गेलेला. ओरडायलाच आल्यात असं मला वाटलं. त्यांनी मागे वळून पॅसेजमध्ये रांगेत उभ्या बायकांकडे पाहिलं. मग माझ्या टेबलाकडे.

"ताई, कागद पुरतले मां?"