तलवार उशिरा पोचते

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीबरोबर चालत म्हणाले, "तिकडं नेट चांगलं असेल. खेळत जाऊ की आपण."

"पोरगी नोकरीला निघालीय, लढाईला नाही," आई म्हणाली. मी हसले. इतक्या लोकांत रडायची मला लाज वाटली.

खेळ म्हणजे बाबांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या होम कॉम्प्युटरवरचा. जुन्या जपानमधला किल्ला आणि त्यात एकटाच शिरलेला सामुराई. टेपमध्ये कॅसेट घालायची आणि खेळ लोड होईपर्यंत घरात मिक्सर लावायचा नाही. लाइट जरा डुलली की पुन्हा पहिल्यापासून. आई चटणी अर्धवट ठेवून विचारायची, "झाला का तुमचा जपान?" लहानपणी सगळी बटणं मला झेपायची नाहीत, म्हणून बाबा सामुराईला चालवायचे आणि तलवार माझ्याकडे. ते "हाण!" म्हणायचे, मी हाणायचे. मोठी झाले तरी तसंच राहिलं. "दोघं मिळून एक माणूस चालवता, तोही मरतो," हे आईचं ठरलेलं वाक्य.

आता मी बंगळुरात, बनशंकरीत राहते. ऑफिसात हिंदी-इंग्लिश, मीटिंगमध्ये बहुतेक वेळ म्यूटवर. घरमालकीण अक्का पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, पण घरात मराठी बोलतात. म्हणतात, "आमच्या लोकांना येऊन शेकडो वर्षं झाली. तुला स्वल्प वेळ लागणारच की."

या उन्हाळ्यात बाबांना पक्षाघाताचा झटका आला. मी पोचले तेव्हा ते झोपले होते. उजवा हात कुणीतरी चादरीवर आणून ठेवल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहा. रबरी चेंडू बाबा हातात धरेनात. "मी काय लहान आहे का?" मग मी तो खेळ त्यांच्या लॅपटॉपवर घालून दिला. त्यासाठी मात्र ते रोज बसू लागले. मी परत आल्यावर आईने फोनवर हळूच सांगितलं, "एवढं एकच करतात गं. ते सोडू देऊ नको."

इथून मी माझा लॅपटॉप नेटवरून त्यांच्या लॅपटॉपला जोडून घेते, फोन स्पीकरवर. बाबा म्हणतात, "हाण!" मी लगेच हाणते. पण तिकडचं चित्र माझ्याकडे उशिरा येतं आणि माझा वार तिकडे त्याहून उशिरा. राउटर बदलला. शत्रू दिसायच्या आधीच हाणून पाहिलं. तलवार हवेत फिरली. बाबा चिडत नाहीत. "माझंच बोट अडतंय बघ," म्हणतात. हा उशीर नेटचा, त्याला लॅग म्हणतात, हे मी किती वेळा समजावलं. त्यांना वाटतं, मी त्यांची समजूत काढतेय.

काल किल्ल्याच्या पहिल्याच दरवाजापाशी फोनवर त्यांचा आवाज आला. "जाऊ दे बाळा. उद्या नको आता." खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. आवाज चित्राच्या आधी पोचतो. माझ्या पडद्यावर सामुराई अजून उभा होता, पहारेकरी त्याच्याकडे चालत येत होता.

तुमच्यातल्या लांब गेलेल्यांना हे सांगायला नको. मागे राहिलेल्यांसाठी लिहितेय. घर आम्हाला असंच दिसतं, तिकडे सगळं होऊन गेल्यावर. मी बटण दाबत राहिले.