एका दिवसात चार हद्दी, अण्णांबरोबर

न्यू जर्सीच्या दक्षिण टोकावरून डेलावेअरला फेरी, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, जाते. तिच्याबद्दल परवा एका वाचक मैत्रिणीने विचारलं, "लहान मूल आणि सासरे, दोघांना घेऊन एका दिवसात जमेल का?" जमतं. आम्ही केलंय. मात्र ऐंशीच्या दशकात, हे आधीच सांगते.

सासूबाई गेल्या त्या वर्षी सुधीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याच्या वडिलांना न्यू जर्सीत, आमच्याकडे एडिसनला आणलं. अण्णा सातारा जिल्ह्यात मोजणी खात्यात होते. आयुष्यभर लोकांची शेतं मोजली, हद्दीचे दगड रोवले. आमच्या अपार्टमेंटमध्ये मात्र खिडकीशी बसून पार्किंग लॉट बघायचे. सुधीरने त्यांच्या ग्रीन कार्डचे फॉर्म भरायला घेतले होते. बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलात?" आणि "हो." शेवटी मीच म्हटलं, "शनिवारी त्यांना समुद्रावर तरी ने."

पहाटे पाचला निघालो. बरोबर दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि थर्मासमध्ये चहा. गार्डन स्टेट पार्कवेवर थोड्या थोड्या अंतराने टोल लागायचा आणि खिडकीतून टोपलीत नाणं टाकावं लागायचं. नेम चुकला की मागचे हॉर्न वाजवायचे. तुम्हाला आता ती मजाही नाही आणि ती धांदलही. अडीच तासांत केप मे, फेरी सुटते ते बंदर, आलं. उन्हाळ्यात जाणार असाल तर फेरीचं बुकिंग आधी करा आणि स्वेटर घ्याच; ऑगस्टातही डेकवर वारा चावतो.

गाडी खालच्या मजल्यावर लावून आम्ही वर गेलो. जवळजवळ दीड तासाचा प्रवास. सात वर्षांची आमची लीना सीगलना चिप्स दाखवत होती, अण्णा कठड्याला धरून उभे. एकदम म्हणाले, "सुधीर, ही दोन राज्यं ना? मग हद्द कुठे?"

चार महिन्यांत त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. सुधीरने तिथल्या एका वयस्कर खलाशाला विचारलं. तो पाण्याकडे हात करून म्हणाला, "समव्हेअर इन द मिडल, सर."

"मधे म्हणजे कुठे? खूण नको का काही?" अण्णांना पटेना.

सुधीरने ते इंग्रजीत सांगितल्यावर खलाशी मनापासून हसला. म्हणाला, खूण बघायची तर फेनविक आयलंडला जा. तिथल्या दीपगृहापाशी डेलावेअर आणि मेरीलँडच्या हद्दीवरचा दगड आहे, अमेरिका हा देश होण्याच्याही आधीचा.

आमचा बेत जवळच्याच बीचवर जाऊन परतायचा होता. "अजून तासभर ड्राइव्ह आहे," सुधीर म्हणाला.

"राहू दे मग," अण्णा लगेच म्हणाले.

"नो, डॅडी! आय वॉन्ट टू सी आजोबाज स्टोन!" लीनाने ठरवून टाकलं.

डेलावेअरमधल्या ल्यूइसला उतरून रूट वनने दक्षिणेला गेलो. डावीकडे वाळूचे ढीग, उजवीकडे खाडी, आणि दर मैलावर मक्याची ताजी कणसं विकणारा कोणीतरी. दीपगृह घरांच्या मधे, अगदी लहानखुरं. दगड त्याच्या कुंपणापाशी होता, कमरेएवढा, वाऱ्यापाण्याने झिजलेला. दोन्ही बाजूंना त्या काळच्या दोन वसाहतींच्या मालकांची चिन्हं कोरलेली. अण्णा त्याच्यापुढे उकिडवे बसले. तळवा ठेवला, मग एक डोळा मिटून दगडावरून पश्चिमेकडे बघितलं. "सरळ आहे," म्हणाले.

"आजोबा, डिड यू मेक वन लाइक धिस?"

"एवढा देखणा नाही गं. पण पुष्कळ रोवले." आणि ते सांगायला लागले. कोरेगावकडचे दोन सख्खे भाऊ. मोजणीच्या दिवशी दोघेही हातात कोयता घेऊन बांधावर उभे. "मी सकाळी साखळी टाकली. मधे उठून गेलो असतो तर दोघांतला एक जगला नसता. संध्याकाळी दगड रोवला, दोघांचे हात त्याला लावून घेतले. त्याच रात्री तुझा बाबा मुंबईहून विमानात बसला."

सुधीर गाडीला टेकून उभा होता. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्याने मला सांगितलं होतं, "अण्णा मला सोडायला आले नाहीत. कसलीतरी मोजणी होती." त्यावर पुढे एक शब्दही नाही.

"हे मला कधी कळवलं नाहीत," तो म्हणाला.

"तुझ्या आईला म्हटलं होतं लिही म्हणून. ती म्हणाली, कोयत्याबियत्यांचं परदेशात कशाला, पोर घोर लावून घेईल."

सुधीर पुढे आला आणि अण्णांना उठायला हात दिला. उठल्यावरही त्याने तो हात लगेच सोडला नाही.

तिथून मेरीलँडमधलं ओशन सिटी वीस-पंचवीस मिनिटांवर. किनाऱ्यालगतच्या लाकडी बोर्डवॉकवर व्हिनेगर घातलेल्या फ्राइज मिळतात, त्या चुकवू नका. अण्णांनी दोनदा मागून घेतल्या. मग बाकावर बसून म्हणाले, "सुधीर, रागावू नकोस. मला ऑक्टोबरात परत जाऊ दे."

"इथे काय कमी आहे, अण्णा?"

"कमी काही नाही. सूनबाई किती करते. पण इथे मला कोणी काही विचारत नाही रे. तिकडे अजून लोक नकाशा घेऊन दारात येतात."

सुधीरने फ्राइजचा रिकामा पुडा चुरगळला. मग म्हणाला, "मी फॉर्म भरलेत."

"असू देत भरलेले. येईन की उन्हाळ्यात."

परतताना अण्णा पुढच्या सीटवर बसले, मांडीवर रोड मॅप पसरून. डेलावेअर ओलांडून मोठ्या पुलावरून न्यू जर्सीत शिरलो तेव्हा लीना ओरडली, "फोर बॉर्डर्स!" उजेड असतानाच घरी पोचलो. मी पिठलं-भात टाकला.

अण्णा ऑक्टोबरात परत गेले. एअरपोर्टवर सुधीर रडला. मी त्याला रडताना पहिल्यांदाच पाहत होते.

तोपर्यंत साताऱ्याला पत्रं मीच लिहायचे, सुधीर खाली एक ओळ खरडायचा, "मी ठीक आहे." अण्णा परत गेल्यानंतरच्या रविवारी तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला आणि दुपार सरली तरी उठला नाही. चार पानं, दोन्ही बाजूंनी. मी पत्ता घालायला पेन घेऊन गेले तर म्हणाला, "घातलाय मी."

त्यात काय लिहिलं होतं ते मी आजवर विचारलेलं नाही.