सातचा ठेका

मांडवीच्या कठड्यावर बसणारा तो खलाशी बोटीवरून रजेवर आला होता. हेडफोन लावून मांडीवर सातचा ठेका धरायचा. हे प्रोग्रेसिव्ह रॉक, त्यानेच सांगितलं. माझ्याशी अबोला धरलेला माझा मुलगा दार लावून हेच ऐकायचा.

"पहिला कुठला अल्बम ऐकू?"

"गाजलेला नको, काका. लांबलचक आहे. अर्ध्यातून उठलात, तर पोरगा परत दार उघडायचा नाय." त्याने दुसरा सुचवला. "ह्यात भजनातला सात मात्रांचा रूपक ताल सापडेल तुम्हाला."

दार वाजवून मुलाच्या खोलीत गेलो, तोच अल्बम लावायला सांगितला. मध्येच ड्रम थांबले. मुलगा माझ्याकडेच बघत होता. मी मांडीवर सात मोजत राहिलो. ड्रम बरोबर समेवर परतले.

"कोणी सांगितला हा?"

"मीच शोधला," म्हणालो.

मुलाने आपणहून आणखी एक अल्बम लावला. दुसऱ्या दिवशी हे सांगायला कठड्यावर गेलो, तर खलाशी रजा संपून बोटीवर परतला होता.