शूर नव्हता माझा विरेश

विरेशला जाऊन वर्ष झालं, तेव्हा आमच्या भागातले पुढारी मानसिंगराव यांनी गल्लीच्या तोंडावर भलामोठा फ्लेक्स लावला. 'वीर शहीद विरेश यांना मानाचा मुजरा.' विरेशचा फोटो कोपऱ्यात, इवलासा. मानसिंगराव मात्र कमरेपासून वर, हात जोडून, सगळे दात दाखवत. निवडणूक आली की या माणसाला मेलेली पोरं आठवतात. जिवंतपणी विरेश नोकरीसाठी त्याच्या दारात ताटकळायचा, तेव्हा साहेब कायम मीटिंगमध्ये असायचे.

मी समोरच्याच घरात राहते. विरेशची आई अक्कम्मा मूळची अक्कलकोटकडची. नवरा गेल्यापासून कडक भाकऱ्या करून दुकानांना देते. पोरगा एकच. हॉटेलात भाजी चिरायचा, फार हसायचा. दिवाळीत साधी लवंगी फुटली तरी कानात बोटं घालून माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसायचा.

गावातल्या सात रस्ता चौकाजवळ सुबोध नावाच्या एका लुच्च्याचं परदेशी नोकऱ्यांचं ऑफिस होतं. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर विमानाचं चित्र. रशियात कँटीनमध्ये स्वयंपाक्याची जागा आहे, असं सांगून त्यानं विरेशला पाठवलं. काही दिवसांनी फोन आला, तेव्हा मी अक्कम्माजवळच बसले होते.

"आई, हितं कँटीन न्हाय. बंदूक दिलीय हातात."

अक्कम्मा तशीच सुबोधकडे धावली. तो खुर्चीतून उठलासुद्धा नाही. "मावशी, ट्रेनिंग असतं ते. उगं घाबरू नका."

मग फोन बंदच झाला. पुढं युक्रेनच्या लढाईत विरेश मेल्याची बातमी आली आणि कितीतरी महिन्यांनी बंद पेटी. ती उघडू नका म्हणाले. अक्कम्मा पेटीवर हात ठेवून बसून राहिली.

तर मानसिंगरावांनी ठेवलेला तो श्रद्धांजलीचा कार्यक्रम. चौकात मंडप, मोठ्या आवाजात देशभक्तीची गाणी. खरं तर पोरगा मेला दुसऱ्याच देशाच्या भांडणात, पण हे विचारायचं कुणी? अक्कम्माला पुढच्या खुर्चीवर बसवलं, हातात नारळ दिला. मानसिंगराव बोलायला उठले आणि विरेशच्या रक्तातच शौर्य होतं म्हणाले. त्यांनी विरेशला कधी धड पाहिलंही नव्हतं. मग त्यांनी मंडपाचा खर्च उचलणाऱ्या दानशूर मित्राला सत्कारासाठी वर बोलावलं. फेटा बांधून वर चढला तो सुबोध.

अक्कम्मानं नारळ खुर्चीवर ठेवला आणि स्टेजवर गेली. आई रडेल, फोटो चांगला येईल, या हिशेबानं मानसिंगरावांनी स्वतःच माईक तिच्यापुढं धरला.

"शूर न्हवता माजा विरेश," ती म्हणाली. "फटाक्याला भ्यायचा. त्याला भाजी चिरायला म्हणून नेलं आन् मारायला उभं केलं. नेणारा ह्यो बसलाय की, फेटा बांधून."

कुणीतरी घाईनं गाणं लावलं. सुबोध मागच्या बाजूनं उतरला. चप्पल पडली तीही घ्यायला थांबला नाही. मानसिंगराव मात्र हसतच होते. त्या माणसाला लाज नावाची वस्तू ठाऊकच नाही. चौकाला विरेशचं नाव त्यांनी दिलंच, आणि त्या पाटीवर स्वतःचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात.

अक्कम्मा त्या पाटीकडं बघत नाही. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवसापासून भाकऱ्या दुकानांवर पोचवल्या की ती सुबोधच्या ऑफिसच्या पायरीवर जाऊन बसू लागली. सुबोध बाहेर आला. "मावशी, काय पायजे तुम्हाला?"

"तू काय देनार?" तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "जा, आत बस."

मोहोळकडची, अक्कलकोटकडची पोरं नोकरीसाठी यायची. ती प्रत्येकाला जवळ बसवून विरेशचं सांगायची. कुणाशी मराठीत, कुणाशी कन्नडमध्ये. बरीच पोरं पायरीवरूनच परत जायची. सुबोधनं पोलिसांना बोलावलं. आलेल्या हवालदारानं तिचं सगळं ऐकून घेतलं, सुबोधकडं एकदा पाहिलं आणि निघून गेला. अक्कम्मानं सुबोधवर केलेली तक्रार मात्र अजून चौकशीतच आहे.

पावसाळा सरता सरता सुबोधनं शटर ओढलं. आता त्यानं पुण्यात ऑफिस थाटल्याचं कळलं. मी घाबरतच अक्कम्माला सांगितलं. ती तव्यावरची भाकरी उलटत होती.

"पुन्याला एसटी जाती की," ती म्हणाली. "येतीस का?"

मंगळवारी आम्ही दोघी निघालो.