फक्कीचं गाव

"मूळ गाव कोणतं?" हा त्याचा पहिला प्रश्न. उत्तर दिलंत की लगेच दुसरा, "त्याच्या आधी?" तीनदा विचारलं की भलेभले माकडापर्यंत पोचायचे. तो गल्ली सोडून गेल्यापासून आमची एवढी चौकशी कुणी केलेली नाही.

होता चित्रकार. स्थलांतर, विस्थापन, इंग्रजांचं राज्य हे त्याचे विषय. चित्रं अशी अवाढव्य की एक सुकवायला अख्ख्या गल्लीच्या गच्च्या लागल्या. त्या वर्षी आमचे पापड वाळलेच नाहीत.

एकदा मिसळ खायला नेला. "मिरची परदेशी, टोमॅटो परदेशी, बटाटा, पाव, सगळे जहाजातून आलेले," म्हणत एकेक बाजूला काढत गेला. वाटीत मटकीचे चार दाणे उरले. हॉटेलवाले काका म्हणाले, "साहेब, भूक तरी इथलीच आहे ना?"

तर मंडळी, इंग्रजांनी धरण बांधलं आणि त्याच्या पणजोबांचं गाव पाण्यात गेलं. माणसं पांगली, कुणी चांदवडकडे, कुणी विंचूरला. हे घराणं नाशकात भाड्याच्या खोल्या बदलत राहिलं. एका मे महिन्यात धरण आटलं, तेव्हा यानं ठरवलं, इंग्रजांच्या जुन्या नकाशावरून ते गाव तळावरच आखायचं. क्रिकेटच्या मैदानावर मारतात ती पांढरी फक्की माझ्या टेम्पोतून नेली आणि तळावर घराघराच्या रेघा मारल्या. फक्की इतकी, की वरून जाणाऱ्या विमानातल्यांनी बर्फ समजून स्वेटर चढवले असणार.

मुंबईहून गॅलरीची माणसं बघायला येणार होती. आवडलं तर चित्रं परदेशात, नाहीतर पुन्हा दुकानांच्या पाट्या रंगवणं.

पांगलेल्या घरांचे वारस ट्रॅक्टर भरभरून आले. यानं बजावलं, "आपापल्या घरात उभं राहायचं. बोलायचं नाही. विस्थापन मुकं असतं."

मुकं? एक विडी पेटेपर्यंतसुद्धा नाही!

"ओ नाना, तुमचा गोठा आमच्या अंगणात घुसलाय!"

"नकाशात तसाच हाय!"

"नकाशा काढला तव्हा तुमच्या आज्यानं साहेबाला कोंबडी चारली व्हती!"

एक मावशी तर दाराचं तोंड चुकलंय म्हणून घरात पाऊल टाकेनात. पायांनी रेघा पुसल्या जात होत्या, टाचांनी नव्या ओढल्या जात होत्या. लांबून पाहुण्यांच्या गाडीचा धुरळा दिसला आणि मी आर्टिस्टला शोधत धावलो.

तो गावाच्या टोकाला, एका चौकोनात हात पसरून उभा. समोर तेच गोठेवाले नाना. "पोरा, तुमचं घर इथं नव्हतं. हे बी आमचंच."

"सरका नाना! ही आमची वसरी हाय!"

जन्मभर पुस्तकासारखं बोललेला माणूस, 'हाय' म्हणाला! गळ्याच्या शिरा अशा फुगल्या की मला धरणाची काळजी वाटली.

नानांनी त्याला नीट न्याहाळलं. मग स्वतःची रेघ टाचेनं पुसली आणि मागं सरकून दुसरी ओढली. "घे, दोन हात घे. पर गोठ्याचं नाव काढू नको."

हा तिथंच मांडी घालून बसला. पाहुणे उतरले, ती भांडणं बघून गोंधळले, रुमालानं बूट पुसू लागले. आर्टिस्ट कुठंय, आर्टिस्ट कुठंय, म्हणत परत गाडीकडे वळले.

"अरे, पाहुणे निघाले!" मी ओरडलो.

"निघू दे," तो म्हणाला. भेगाळलेल्या गाळावरून हात फिरवत त्यानं माझ्यासाठी शेजारची जागा साफ केली. "तू बस ना. पहिल्यांदाच आलायस आमच्या घरी."